पाच रुपयांचं केशर

मार्च २०२५मध्ये जयपूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाने विमल पानमसाल्याच्या जाहिरातीवरून शाहरुख खान, अजय देवगण आणि टायगर श्रॉफ यांना नोटिसा काढल्या. तक्रारदाराचा मुद्दा साधा होता. केशराचा भाव किलोला चार लाखांच्या घरात. मग पाच रुपयांच्या पुडीत, जाहिरात सांगते तसं, दाण्यादाण्यात केशर येणार कुठून? आयोगापुढे तक्रार नवी होती, पण मोबाइलवर हसणाऱ्यांना ती चांगलीच ओळखीची होती. गावोगावच्या पोरांनी त्या जाहिरातीच्या नकला करून हा हिशेब केव्हाच मांडला होता. गॉगल, मंद गतीत वळणारी मान, मागून वारा, भारदस्त आवाज, सगळं मूळ जाहिरातीसारखं. फक्त मोटारीच्या जागी खळ्यातली बाज आणि नटाच्या जागी आपल्याच गल्लीतला पोट्टा. तो पुडी फोडतो, तळहातावर ओततो, केशर शोधू लागतो आणि शोधतच राहतो.

रोजच्या वापरातल्या वस्तूंच्या या नकला इतक्या का हसवतात, हा प्रश्न गमतीचा वाटला तरी हलका नाही. वाशीम, अकोला, बुलढाणा, यवतमाळ या पट्ट्यातून मोबाइलवर येणाऱ्या विनोदाचा मोठा भाग आज याच जातीचा आहे: साबण, टूथपेस्ट, बाइक, बियाण्याची पिशवी, कीटकनाशक, गोरं करणारी क्रीम. ही एक कला आहे, तिला इथल्या मातीत जुनी मुळं आहेत, आणि आजची तिची अवस्था मला काळजीची वाटते. म्हणून हा लेख.

पहिली गोष्ट अशी की चांगल्या नकलेत अतिशयोक्ती फारशी नसते. अतिशयोक्ती मूळ जाहिरातीतच असते. नक्कल करणारा ती खरी मानतो आणि आपल्या घरात आणून वापरून बघतो. पुडीत केशर आहे म्हणता ना, मग दाखवा. हसू येतं ते या प्रामाणिकपणाचं. जाहिरात आपल्याला विश्वास ठेवायला सांगते, पण आपण पूर्ण विश्वास ठेवणार नाही हे तिने गृहीतच धरलेलं असतं. विडंबनकार पूर्ण विश्वास ठेवतो आणि तिथे तिची पंचाईत होते.

याची मीमांसा करायला वाशीमकराला फार लांब जावं लागत नाही. वाशीम म्हणजे जुनं वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. इथल्या सर्वसेन राजाने प्राकृतात ‘हरिविजय’ हे काव्य लिहिलं. ते हरवलं, पण आनंदवर्धनासारख्या आचार्यांनी त्याचं नाव आदराने घेतलं. राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुषाचं आणि साहित्यविद्येचं लग्न लावलं तेही याच वत्सगुल्मात. ज्या गावात काव्य आणि साहित्यविद्या बोहल्यावर उभी राहिली, त्या गावाने हास्याच्या शास्त्राला परकं मानण्याचं कारण नाही. भरतमुनींनी नाट्यशास्त्रात हास्याचा उगम शृंगारात दाखवला आहे: शृंगाराचं अनुकरण झालं की हास्य उपजतं. अभिनवगुप्ताने हे सूत्र रुंद केलं. त्याच्या मते कुठल्याही रसाचा आभास झाला, म्हणजे रस अस्थानी गेला, की हसू येतं.

आता टीव्हीवरच्या जाहिरातींकडे या नजरेने बघा. साबणाच्या वडीवरून पाणी ओघळतं तेव्हा कॅमेरा जसा रेंगाळतो, तसा तो एरवी फक्त प्रेमगीतात रेंगाळतो. बनियनच्या जाहिरातीत वीररस असतो, विम्याच्या जाहिरातीत करुण, संडास धुण्याच्या औषधाच्या जाहिरातीत दात विचकणारे जंतू म्हणजे भयानक. फिनेलच्या बाटलीला इतका मोठा रस पेलत नाही. तो पेलल्यासारखा वाटतो तो संगीत, प्रकाश आणि गोड आवाज यांच्या टेकूमुळे. नक्कल करणारा हा टेकू काढून घेतो. भाव तेवढाच उत्कट ठेवतो आणि सतार बंद करतो. हसू मूळ जाहिरातीतच दबून होतं, ते मोकळं होतं.

एक नमुना जवळून पाहू. कपडे धुण्याच्या पावडरीची जाहिरात घ्या. पोरगं चिखलात पडतं, आईच्या कपाळावर आठी येते, पांढऱ्या कोटातला माणूस पुडा पुढे करतो. मग पडदा उभा दुभंगतो: डावीकडे साधी पावडर, उजवीकडे जाहिरातीतली. उजवीकडचा डाग विरघळतो. वाळत घातलेल्या चादरींतून ऊन येतं आणि घरदार हसतं. तीस सेकंदांत सगळं पार पडतं. आता हे सगळं तसंच ठेवा, फक्त डाग बदला. रिसोड-शिरपूरच्या पट्ट्यात हळद शिजवायचे दिवस आहेत. दिवसभर हळद उपसून, पसरून माणूस घरी आला आहे आणि त्याची बंडी पिवळीजर्द झाली आहे. बायको ती पावडरीत बुडवते. हळदीला साबण लागला की ती लाल होते, हे इथल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. तेव्हा पडद्याच्या डाव्या बाजूला लाल डाग आणि उजव्या बाजूलाही लाल डाग. कोटवाला हसतोच आहे. बाई बंडी पिळून दोरीवर टाकते, चार दिवस उन्हात ठेवते आणि डाग फिका पडत जातो, कारण हळदीचा रंग उन्हात टिकत नाही. शेवटी पडद्यावर वस्तूचं नाव येतं: ऊन. किंमत: काही नाही.

ही क्लिप कुणी केलेली नाही, मी इथे कागदावर रचली आहे. ती एवढ्यासाठी, की चांगल्या विडंबनाला काय लागतं ते दिसावं. त्यात एकही शिवी नाही आणि कुणी वेडावाकडा चेहराही करत नाही. लागते ती दोन गोष्टींची पक्की माहिती: जाहिरातीच्या चौकटीची आणि हळदीची. बाईने कोटवाल्याकडे बघून एखादं वाक्य टाकलंच, तर ते असं असेल: “साबणात येवढा दम हाये, तं त्याले सावलीत काहून उभं केलं? हळदीच्या ढोलापाशी धाडा म्हणा.” हे वऱ्हाडीतच शोभतं, पण हसू वऱ्हाडीचं येत नाही. हसू त्या कोटाचं येतं. या फरकाकडे मी पुढे पुन्हा येणार आहे, कारण माझ्या मते सगळी मेख तिथेच आहे.

वऱ्हाडाला ही रीत नवी नाही. पोळ्याच्या दिवशी सजवलेल्या जोड्या तोरणाखाली उभ्या राहतात, मानाची जोडी पुढे असते, वाजंत्री क्षणभर थांबते आणि गर्दीतून कुणीतरी हात वर करून झडती म्हणतो. सुरुवात देवाच्या नमनाच्या थाटात होते. चालही तशीच भारदस्त असते. मधल्या ओळींत मात्र भलतंच काही शिरतं: तुरीचा भाव, उगवलं नाही ते बियाणं, निवडणुकीत दिसून नंतर गायब झालेला पुढारी, खताच्या गोणीची किंमत, अलीकडे मोबाइल आणि ट्रॅक्टरसुद्धा. शेवट ठरलेला, आणि सगळं गाव एका आवाजात ‘हर बोला हर हर महादेव’ म्हणून त्यावर शिक्का मारतं. साचा पिढ्यानपिढ्या तोच राहतो, भरण दरवर्षी बदलतं. झडती म्हणणाऱ्याला टाळी मिळते ती साचा न मोडता भरण बदलल्याबद्दल. नमनाचा थाट ढळला की झडती पडते.

झडतीचा आणखी एक नियम आहे, लिहिलेला नसला तरी पाळला जाणारा. ज्याच्यावर ती म्हणायची तो बहुधा तिथेच उभा असतो. पाटील असतो, सरपंच असतो, कृषी केंद्रवाला असतो, पूर्वी सावकार असे. म्हणणारा त्याच्या डोळ्यांत बघून म्हणतो आणि सणाचा दिवस म्हणून ऐकणाऱ्याला ते गोड मानून घ्यावं लागतं. हसू खालून वर जातं. गड्यावर, विधवेवर, भीक मागणाऱ्यावर झडती म्हणणं गावाला रुचत नाही. होळीला शेलक्या पदव्या वाटायची रीतही याच जातीची, फक्त तिथे संयम कमी.

छापील साहित्यात ही परंपरा चढली तीही वऱ्हाडच्या वाटेनेच. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर नागपूरला जन्मले आणि खामगाव, जळगाव-जामोद इथे वकिली करत राहिले. ‘सुदाम्याचे पोहे’ त्या वकिलीच्या शेजारी बसून लिहिले गेले, आणि मराठी विनोदाची घडी त्यांनी बसवली. रूढींच्या मागे असलेला युक्तिवाद ते इतक्या गंभीरपणे पुढे नेत, की तो आपल्याच पायात अडखळून पडे. वर जे ‘पूर्ण विश्वास ठेवणं’ म्हटलं, ते हेच. पुढे १९२५मध्ये प्रल्हाद केशव अत्र्यांनी ‘केशवकुमार’ या नावाने ‘झेंडूची फुले’ काढली आणि रविकिरण मंडळाच्या कवितेची अशी काही नक्कल केली, की मूळ कवींना स्वतःच्या लकबी नव्याने दिसल्या असाव्यात. अत्र्यांचं बळ त्यांच्या व्यासंगात होतं. ज्या कवितेची टर उडवायची ती त्यांना आतून येत होती. आजच्या क्लिप बनवणाऱ्या मुलांना मी एकच पुस्तक सुचवायचं ठरवलं तर हे सुचवेन.

वस्तूंच्या जाहिराती घराघरांत आल्या त्या रेडिओ आणि टीव्हीमुळे. विविध भारतीवर १९६७मध्ये, दूरदर्शनवर १९७६मध्ये जाहिराती सुरू झाल्या, आणि त्यांच्या चालींवर पोरांनी लगेच आपले शब्द बसवले. करसनभाई पटेलांनी १९६९मध्ये अहमदाबादेत सुरू केलेल्या निरमाच्या गाण्यात बायकांची नावं येतात. शाळाशाळांतून त्या जागी वर्गातल्या मुलींची आणि मास्तरणींची नावं घालून झाली आहेत. आपल्याकडच्या विकोची गोष्ट तर ध्यानात ठेवण्यासारखी आहे. मूळचे नागपूरचे केशव विष्णू पेंढरकर यांनी १९५२मध्ये ही कंपनी काढली. हळदीची क्रीम सौंदर्यप्रसाधन नव्हे, हे तिच्या जाहिरातीचं गाणं अगदी बजावून सांगतं, आणि दोन पिढ्या या ठासून सांगण्याची नक्कल करत आल्या आहेत. या वस्तूवर अबकारी खात्याशी वाद चालू होता: प्रसाधन म्हणून कर लावायचा की आयुर्वेदिक औषध म्हणून? प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. म्हणजे मुलं ज्या ओळीवर खिदळत होती ती कंपनीची कैफियतच होती. नक्कल करणाऱ्याला कारण ठाऊक नव्हतं, पण इथे काहीतरी गरजेपेक्षा जास्त ठासून सांगितलं जातंय, हे कान बरोबर ओळखत होते.

रात्री उशिरा लागणाऱ्या टेलिशॉपिंगची गंमत वेगळी. आधी मी फार दुःखी होतो, मग हे यंत्र किंवा हा पट्टा किंवा हे तेल मिळालं, आता माझं सगळं मार्गी लागलं. या साच्यावर जितक्या नकला झाल्या तितक्या क्वचितच दुसऱ्या कशावर झाल्या असतील. मराठी माणसाला तो साचा चटकन सापडतो, कारण तो आपल्या श्रावणातल्या कहाण्यांचाच आहे. आटपाट नगर, गरीब ब्राह्मण, वसा घेतला, भरभराट झाली. कहाणीत मात्र वसा उतला-मातला तर शिक्षाही आहे. टेलिशॉपिंगमध्ये वस्तू परत करण्याचा नंबर तेवढा असतो. आजीकडून कहाण्या ऐकलेल्या मुलाला ही उणीव लगेच कळते आणि तो दुसरा अर्धा भाग स्वतः जोडतो. अमेरिकेतही हेच घडलं. ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’मध्ये १९७६ साली डॅन आयक्रॉइडने अख्खा मासा मिक्सरमध्ये घालून दळला, पण विक्रेत्याची लय रेसभर ढळू दिली नाही. पन्नास वर्षांनंतरही तो तुकडा बघवतो तो या लयीमुळे. २०१२मध्ये बिक कंपनीने ‘खास बायकांसाठी’ म्हणून पेन विकायला काढलं, तेव्हा अ‍ॅमेझॉनवर ग्राहकांनी मनापासून आभार मानणारे अभिप्राय लिहिले: इतकी वर्षं पुरुषांच्या पेनाने लिहिताना किती त्रास झाला म्हणून. कंपनीच्या विचारातला खुळेपणा उघड करायला त्यांना एकही कडू शब्द वापरावा लागला नाही.

आपल्या जिल्ह्यातही एक मालेगाव आहे, पण विडंबनासाठी नाव झालं ते नाशिक जिल्ह्यातल्या मालेगावचं. यंत्रमागांच्या त्या गावात शेख नासिर यांनी २०००च्या सुमारास ‘मालेगाव के शोले’ केला. त्यात डाकू घोड्यांऐवजी सायकलींवर येतात. पैसा नव्हता हे खरं, पण त्यांनी ते झाकलं नाही, त्याचाच विनोद केला. त्या धडपडीवर फैजा अहमद खान यांनी माहितीपट केला, आणि रीमा कागती यांचा ‘सुपरबॉईज ऑफ मालेगाव’ २०२५मध्ये चित्रपटगृहांत लागला. वाशीम जिल्ह्यात असं काही उभं राहिलं नाही, याची मला खंत आहे. झडत्यांचा वारसा असलेल्या मुलखात ते व्हायला हवं होतं.

मग झालं काय? सप्टेंबर २०१६मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि दोन-तीन वर्षांत वऱ्हाडी क्लिपांचा पूर आला. त्याआधी टीव्हीवर भारत गणेशपुरे यांच्यासारख्या अमरावतीकडच्या नटाने ‘चला हवा येऊ द्या’सारख्या कार्यक्रमातून ही बोली सगळ्या महाराष्ट्राच्या कानी घातली होती. माणसं वऱ्हाडी ऐकायला उत्सुक होती. अशा वेळी सगळ्यात सोपा मार्ग होता डबिंगचा. कंपनीची जाहिरात उचलायची, आवाज पुसायचा, वर वऱ्हाडीत बोलायचं आणि पाटी लावायची: गावरान तडका. सुरुवातीला यात ताजेपणा होता. उंची हॉटेलात चॉकलेट खाणारी बाई एकाएकी ‘माय वं’ म्हणते, तेव्हा कुणालाही हसू येईल.

पण शंभराव्या क्लिपमध्येही तेवढंच असेल, तर विचारलं पाहिजे की आपण कशाला हसतोय. चॉकलेटच्या दाव्याला तर हसत नाही. तो दावा शाबूत आहे, उलट फुकट प्रसिद्धी मिळून चार गावं पुढे गेला. आपण हसतोय ते त्या सुंदर बाईच्या तोंडी ही बोली आली म्हणून. म्हणजे ही बोली तिथे शोभत नाही, हे आधी मान्य करून मग हसतोय. मुंबई-पुण्याचा प्रेक्षक असा हसला तर समजू शकतो. पण आपलीच मुलं, आपल्याच बोलीत, आपल्यालाच हसायला लावतात तेव्हा मला वाईट वाटतं. पुरुषोत्तम बोरकर खामगावचे. ऐंशीच्या दशकात त्यांनी ‘मेड इन इंडिया’ ही कादंबरी वऱ्हाडीत लिहिली. तिचा नायक पंजाबराव सगळ्या जगाकडे वऱ्हाडीतून बघतो आणि हसू त्या जगाचं होतं. त्यानंतर इतक्या वर्षांनी आपण उलट्या पायांनी चालत जावं, हे बरं नाही.

दुसरं दुखणं बायकांच्या सोंगाचं. घरातल्या वस्तूंच्या बहुतेक जाहिराती बाईला उद्देशून असतात. त्यांची नक्कल मात्र डोक्यावर टॉवेल किंवा ओढणी घेतलेला मुलगाच करतो. बाईचा आवाज काढला, मान वेळावली की झालं. जाहिरात बाईला सांगते की तुझं सुख भांड्याच्या चकाकीत आहे, आणि नक्कल त्याच बाईला हसते. दोन्हीकडून मार तिलाच. फेअर अँड लव्हली १९७५पासून विकली गेली आणि टीकेचा दाब वाढल्यावर २०२०मध्ये नावातला ‘फेअर’ गेला. त्या क्रीमवर खरं बोचणारं विडंबन करण्याचा हक्क ज्यांना लग्नाच्या बाजारात रंगावरून नाकारलं गेलं त्या मुलींचा आहे. त्यांच्या हातात कॅमेरा आला की काय होतं, ते थोड्या क्लिपांतून दिसू लागलं आहे. फार थोड्या.

सगळंच निराशाजनक नाही. अलीकडच्या वर्षांत एक नवा प्रकार रुजला आहे, त्याला मी सगळ्यात वरचं स्थान देतो. शेतकऱ्याची मुलं पाकीटबंद वस्तू हातात घेतात आणि तिच्यावरची अक्षरं जाहिरातीच्या गोड आवाजात वाचत जातात: वजन इतकं, किंमत इतकी, घटक हे. मग त्या वस्तूमागचं पीक बाजार समितीत काय भावाने गेलं त्याची पट्टी त्याच आवाजात वाचतात. बस. २०२४-२५च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजारात भाव त्याच्या खाली रेंगाळत होते. वाशीम जिल्ह्याचं खरीप मुख्यतः सोयाबीनवर उभं आहे. शहरातला पोरगा व्यायामशाळेत सोयाबीनच्या प्रथिनांची पावडर दुधात घुसळून पितो, त्या डब्याची जाहिरात आणि मंगरूळपीरच्या काट्यावरची पावती एकाच दमात वाचून दाखवा. वेगळा विनोद करावाच लागत नाही. असं वाचन ऐकताना आधी हसू येतं आणि मग घशात काहीतरी अडकतं. अभिनवगुप्ताने सांगितलेला रसाचा आभास इथे अचानक खऱ्या करुणात बदलतो. याहून मोठं काम विडंबन करू शकत नाही.

अशा मुलांना भीती असते ती कंपनीच्या नोटिशीची, आणि ती निराधार नाही. तरी आपल्या न्यायालयांनी दिलेला दिलासाही त्यांना माहीत असावा. ओडिशातल्या धामरा बंदरामुळे समुद्री कासवं धोक्यात येतील, म्हणून ग्रीनपीसने ‘टर्टल व्हर्सेस टाटा’ हा खेळ इंटरनेटवर टाकला. टाटांनी बदनामी आणि बोधचिन्हाच्या वापरावरून दहा कोटींचा दावा लावला. २८ जानेवारी २०११ला दिल्ली उच्च न्यायालयाने खेळ थांबवायला नकार दिला. टीकेसाठी, उपहासासाठी चिन्ह वापरणं आणि त्या चिन्हाखाली माल विकणं या दोन गोष्टी न्यायालयाने वेगळ्या मानल्या. याउलट, पॅराशूट तेलावर टीका करणारा एका यूट्यूबरचा व्हिडिओ काढून टाकायला मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२०मध्ये सांगितलं होतं. अपिलात तो आदेश सैल झाला, पण घाम फुटायचा तो फुटलाच. वस्तूबद्दल खोटं विधान केलं की बाजू लंगडी पडते. म्हणून पाकिटावरचीच अक्षरं वाचणारी ती पद्धत कलेच्या दृष्टीने जशी उत्तम, तशी कायद्याच्या दृष्टीनेही सुरक्षित. बोर्नव्हिटातल्या साखरेवर २०२३च्या एप्रिलमध्ये आलेला व्हिडिओ कंपनीच्या नोटिशीमुळे काढावा लागला, पण त्याच वर्षाच्या अखेरीस कंपनीने साखर सुमारे १४ टक्क्यांनी घटवली. मोबाइलवरच्या छोट्याशा थट्टेलाही वजन असतं, याला आणखी पुरावा नको.

नोटिशीपेक्षा मला भीती वाटते ती गोडीगुलाबीची. कंपन्या आता थट्टा-नक्कल स्वतःच करतात. झोमॅटो आणि ब्लिंकिटने जानेवारी २०२३मध्ये जुन्या सिनेमातल्या संवादावरून फलक लावले आणि दोन दिवसांत निम्म्या देशाने त्याच्या आवृत्त्या काढल्या, प्रत्येक आवृत्तीगणिक त्यांचंच नाव पुढे गेलं. अमूलची मुलगी १९६६पासून चालू घडामोडींची थट्टा करते, ते काम देखणं आहे आणि मी त्याचा चाहता आहे. पण अमूलची मुलगी लोण्याची थट्टा करत नाही. ज्या मुलाची क्लिप लाखभर लोकांनी बघितली त्याला लगेच कुठल्यातरी पंपाची, कुठल्यातरी टॉनिकची ‘विनोदी’ जाहिरात करायला बोलावणं येतं. पोट सगळ्यांना आहे. त्याने पैसे घेऊ नयेत असं मी म्हणणार नाही. मात्र त्या दिवसापासून त्याच्या विनोदात खताची गोणी, बियाण्याची पिशवी आणि फवारणीचं औषध येईनासं होतं. प्रेक्षकाला कारण कळत नाही, एवढंच जाणवतं की पूर्वीची मजा गेली. झडती म्हणणाऱ्याने पाटलाकडून पागोटं घेतलं तर पुढच्या पोळ्याला तो काय म्हणणार?

आता यंत्रच आवाज काढून देतं, चेहरा बदलून देतं, नटाच्या तोंडी वऱ्हाडी घालायला कुणी वऱ्हाडी बोलणाराही लागत नाही. त्यामुळे डबिंगचा धंदा आपोआप मोडेल, आणि मोडो. यंत्राला हळदीचा लाल डाग आठवणार नाही, तोपर्यंत आपल्या मुलांचं काम शाबूत आहे.

वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, मानोरा, कारंजा इथल्या क्लिपा करणाऱ्या मुलामुलींना माझ्या दोन मागण्या आहेत. एक, पुढची क्लिप डब केलेली नसावी. ती आपल्या घरातल्या, आपल्या वावरातल्या वस्तूवर पहिल्या फ्रेमपासून आपण घडवावी, आणि बोलणारी शक्यतो घरातली बाई असावी. दुसरी, येत्या पोळ्याला तोरणाखाली उभं राहून जे जुने लोक झडत्या म्हणतात त्यांचं नीट रेकॉर्डिंग करावं, त्यासोबत गाव, साल आणि म्हणणाऱ्याचं वय लिहून ठेवावं. हे म्हणणारे बहुतेक जण सत्तरीच्या पुढचे आहेत, आणि पुष्कळ गावांत आता ट्रॅक्टरमुळे तोरणाखाली उभ्या राहायला बैलजोड्याच उरलेल्या नाहीत.